थोडं उरू द्या गं

"पुसू नका गं. थोडं उरू द्या."

रोज दुपारी आमची टोळी बांधावर जेवायला बसली, का ही बाई उभी ऱ्हायची आन हेच म्हनायची. आमी खाली बसलेल्या, मदी चटनीची थाळी, आन पिल्लांवर घार फिरावी तसा तिचा हात त्या थाळीवर. एक घास खायची, चार पावलं चालायची, रस्त्याकडं बगायची, पुन्हा येऊन थाळीत डोकवायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

तुमीबी पाह्यली असंल अशी एखादी बाई. पंगत बसली तरी जी उभी. एस्टीत जागा भेटली तरी जी दांडी धरून. आमच्या टोळीत ती व्हती. वणीकडची, म्हनून वणीवाली. नाव व्हतं तिला, पन टोळीत नावाचं काय काम? मला समद्या आजी म्हनत्यात, तीच एकटी मावशी म्हनायची.

पेठ रोडच्या कडंला पत्र्याच्या खोल्यांची लाइन हाय, तिथं आमी भाड्यानं ऱ्हातो. माझी आन तिची खोली शेजारी, मदी एकच पत्रा. सकाळी नाक्यावर पिकअप येती, बाया उभ्यानं भरती, आन गिरणाऱ्याकडं नायतर दिंडोरीकडं नेऊन सोडती. टमाट्याच्या दिवसांत टमाटे तोडायचे, द्राक्षाच्या दिवसांत द्राक्षं. माझा जलम ह्यातच गेला. नवरा वारला तवा पोरगं कडंवर व्हतं, त्याला सरीत निजवून मी काम केलं. त्याचं काय सांगायचं एवढं? समद्यांनीच केलं.

टमाट्याच्या झाडाचा हिरवा-काळा रंग हाताला बसतो, तो साबनानं जात नाय. कच्चा टमाटा चोळला का जातो. वणीवाली हात चोळता चोळताच सरीतून फिरायची आन फुटका माल पदरात गोळा करायची. जो तडकला, जो मऊ पडला, तो काय कॅरेटात जात नाय, तो सरीतच पडून ऱ्हातो. मग ती मुठीनं कांदा फोडायची. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ, असले तर भाजलेले शेंगदाने. समदं थाळीत घालून तांब्याच्या बुडानं रगडायची. बारीक नाय करायची. टमाट्याचा तुकडा दाताखाली आला पायजे. भाकरीवर ती चटनी घेतली का उन्हाचा शीन जायचा.

माझी नात धरनाच्या बाजूला एका हॉटेलात भांड्याला जाती. मी एकदा तिच्यासाठी ती चटनी नेली. तिनं खाल्ली आन हसाया लागली. "आजी, हे तर साल्सा! आमच्याकडं इवल्याशा वाटीत देत्यात, संगं तिकोनी कडक पापड."

दुसऱ्या दिवशी मी वणीवालीला सांगितलं.

"काय म्हनत्यात?"

"साल्सा."

"म्हनू दे. उरतो का तिकडं?"

"लय उरतो म्हने. फेकून देत्यात."

ती जागच्या जागी थांबली. "फेकत्यात? मावशे, सांग ना तिला, डब्यात घालून आन म्हनावं."

"अगं, लोकांच्या वाटीतलं ते. उष्टं."

"उष्टं नको," ती लगेच म्हनली. "उरलेलं पायजे. उष्टं येगळं, उरलेलं येगळं." आन पुन्हा चालाया लागली.

मला तवा कळलं नाय, एवढा हिशेब ती कशाचा करती.

आमच्यात सुमन म्हनून एक हाय. तोंडाची फटकळ. तिला वणीवालीचं हे उभं ऱ्हानं खपायचं नाय. "आमी खायचं का तुहं तोंड बगायचं?" ती म्हनायची. "घरी काय म्हैस बांधलीय का आंबोनाला? रोज डबा भरून नेती!"

वणीवाली हसायची.

एक दिवस सुमननं मुद्दाम शेवटच्या तुकड्यानं थाळी पुसली. अशी पुसली का आरसा. आन वर करून दाखवली. "घे. संपली. आता तरी बस खाली."

समद्या हसल्या. वणीवाली नाय हसली. कोरड्या हिरीत वाकून बगावं तशी ती थाळीत बगत ऱ्हायली. भांडली नाय. उठून... उठून काय, उभीच व्हती, तशीच सरीत गेली, चार फुटके टमाटे आनले, पुन्हा रगडले, आन थाळी घेऊन एकेकीपुढं फिराया लागली. "घ्या. एकेक घास घ्या."

"अगं पोट भरलं!"

"एकच घ्या. समद्यांनी घेतलं म्हंजे मंग जी ऱ्हाईल ती खरी उरलेली."

बाया एकमेकींकडं बगाया लागल्या. येडी झाली का काय? पन तिचं तोंड बगून एकेकीनं घास घेतला. सुमननंबी घेतला. मंग तिनं ती चटनी डब्यात भरली, आन डबा नेऊन पिकअपच्या बोनेटवर उन्हात ठेवला.

"वहिनी, गाडीची पूजा मांडली का काय?" पिकअपवाला म्हनला.

"तापू द्या जरा," ती म्हनली. "दुपारची वाटली पायजे."

त्या सांजंला नाक्यावरून घरी चालताना मी इचारलं. मी सहसा कोनाला काय इचारत नाय. ज्याचं त्यानं वढायचं असतं. पन हे माझ्याच्यानं गिळलं गेलं नाय.

"मावशे, तू पाह्यलीच ना माही पोरगी? आलीय ती."

पाह्यली व्हती. उंबऱ्यावर बसलेली असायची, गुडघे पोटाशी घेऊन. अंगावर मांस नाय. दिवाळीला माहेरपनाला आली असंल, असं मी धरलं व्हतं. पन दिवाळी तर लांब व्हती, ते तवा ध्यानातच आलं नाय.

येवल्याकडं दिली व्हती तिला. भरलेलं घर, मानसं लय. गडीमानसांनी आधी खायचं, मंग पोरांनी, मंग सासवा-जावांनी, आन उरलं तर हिनं. हे मला काय नवं नाय, माझंबी असंच गेलं. पन आमच्या घरी उरायचं. तिच्या सासूची रीत येगळी. जेवनं झाली का ती पातेलं पालथं घालून ठेवायची. बोलायची नाय, शिवी नाय, मार नाय. नुसतं पालथं पातेलं. पोरगी समजून पानी पिऊन निजायची. वणीवाली सनाला लेकीला भेटायला गेली, तिनं ते पातेलं पाह्यलं, आन पोरीला हाताला धरून एस्टीत बसवलं.

"आनली खरी," ती म्हनली, "पन ते पातेलं तिच्या डोक्यातच ऱ्हायलं, मावशे. मी भाकर टाकली, गरम गरम पुढं ठेवली, तर मागं सरकवती. म्हनती, तुमी खा आधी. उरलं तर देजो. मी म्हनते, मी खाल्लं. तर टोपल्यात बगती, तव्याकडं बगती. म्हनती, तू माह्यासाठी ठेवलं. तू खाय."

"मंग तू कमी खा, उरंल."

"करून पाह्यलं. कळतं तिला. माह्या वाट्याचं तिला नको. कोनाच्याच वाट्याचं नको. जे कोनाचंच नाय, फेकायचं हाय, खराब व्हनार हाय, तेवढंच खाती." चालता चालता ती थांबली, पुन्हा चालाया लागली. "दवाखान्यात नेली. म्हनले अंगात रक्त नाय. गोळ्या दिल्या, जेवनानंतर घ्या म्हनले. आता जेवनच नाय तर नंतर कशाच्या घ्यायच्या? अशी किती दिवस ऱ्हाईल ती?"

म्हनून ती चटनी. बांधावरची, टोळीच्या मधली, समद्यांनी पोटभर खाऊन उरलेली. तिच्यात कोनाचा वाटा नव्हता.

"ताजी करून दुपारची हाय म्हनून दे की."

"मावशे, ताजा कांदा कसा, दुपारचा कांदा कसा, तिला वासावर कळतं. उगंच का बोनेटवर ठेवली?"

आता तुमी म्हनाल, इवल्याशा चटनीनं मानूस जगतं का? तिथंच त्या बाईचं डोकं बगा. विरजन कसं असतं, चमचाभर ताक घातलं का सगळं दूध दही व्हतं. तसं हिनं उरलेल्याचं विरजन केलं. चमचाभर उरलेली चटनी ज्यात पडंल ते सगळंच उरलेलं.

पयल्यांदा तिनं ती चटनी परातीत वतली आन वर बाजरीचं पीठ, जरासं बेसन घातलं. पत्र्यातून मला समदं ऐकू यायचं.

"हे काय करू ऱ्हायली?" पोरगी म्हनली.

"चटनी खराब व्हईल म्हनून पीठ घातलं."

"मंग मला नको."

"आता हे पीठ काय परत डब्यात जाईल का?"

मंग तव्यावर थालीपीठ चरचरलं. वास माझ्याकडं आला. जरा येळानं वणीवाली पत्र्याला तोंड लावून हळूच म्हनली, "मावशे, एक आख्खं खाल्लं."

तिथून सुरू झालं. आज चटनी मसुरीच्या वरनात, नुसती वरून घातलेली, वरन खाली उतरवताना. उद्या शिळ्या भाकरीचा चुरा करून त्यात परतलेली. वरून तेलाची धार, का चुरा असा मोकळा व्हायचा. अंडी परवडली तर कढईत आधी चटनी, पानी आटलं का मंग अंडी. चटनीला पानी सुटतं ना, ते आधी आटवायचं, नायतर अंड्याचं सूप व्हतं, हे ती दुसऱ्या दिवशी टोळीला सांगायची. खिचडीत घातली तर मीठ कमी टाकायचं, कारन चटनीत हाय. सुकट भाजून तिच्यात कालवली तर दोन भाकरी कुठं जात्यात कळत नाय. सकाळी पिकअपमदी उभ्यानं ती हे सांगायची, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं कढई ढवळून दाखवत. गाडी वळली का समद्या एकमेकींवर पडायच्या, हिची कढई चालूच.

"आन काल?" कोनीतरी इचारायची.

"काल पिठलं. पोरीनं अर्धी भाकर खाल्ली."

"अर्धीच?"

"अर्धी म्हंजे काय कमी झाली?"

टोळीला कळलं व्हतं. मीच सुमनला सांगितलं. नायतर तिनं पुन्हा थाळी पुसली असती. सुमन ऐकून नुसती भराभरा टमाटे तोडत पुढं गेली. पन दुपारी जेवताना तिनं अर्धी भाकर फडक्यात परत बांधली. "माह्याच्यानं नाय खाल्लं जात आज," म्हनली, आन चटनीला हातच लावला नाय. ते बगून दुसरीनं नाय लावला. तिसरीनं कोरडी भाकर खाल्ली. थाळी भरलेलीच ऱ्हायली.

वणीवालीनं थाळीत पाह्यलं. समद्यांकडं पाह्यलं. आन पयल्यांदाच ती चिडली.

"हे काय? हे उरलेलं हाय का?"

"ने ना बाई, लय हाय," सुमन म्हनली.

"पोटाला मारून ठेवलं त्याला उरलेलं म्हनत नाय! माही पोर काय तुमच्या तोंडचं खाईल? तिला कळतं! तिला सगळं कळतं!" तिचा आवाज फाटला. सरीतले बगळे उडाले.

सुमनला कोनी वरडलेलं सोसत नाय. ती उठून उभी ऱ्हायली, कमरंवर हात. आता व्हतंय भांडन, असं आमाला वाटलं. सुमन म्हनली, "मंग जास्त कर ना गं बये! थाळीत काय करती, परातीत कर! आमी काय मुंगीच्या पोटाच्या हाय का?"

दुसऱ्या दिवशी सुमननं डोक्यावर परात आनली. एकीनं कांदे, एकीनं मिरच्या, कोथिंबिरीची जुडी. फुटक्या टमाट्यांना तर तोटाच नव्हता. परातीत एक तांब्या पुरंना, संगं सुमननंबी उलथ्या वाटीनं रगडलं. आमी पोट फुटंस्तवर खाल्लं. खाऊन ढेकर दिले. तरी परातीच्या मदी एक लाल डबकं ऱ्हायलं.

"आता?" सुमन म्हनली.

"आता उरलं," वणीवाली म्हनली.

पन बसली नाय. तिचे डोळे रस्त्याकडं. पोर घरी एकटी, दार लावून बसली असंल का उघडं टाकून, येवल्याहून कोनी आलं तर नसंल, पानी तरी प्याली असंल का. "फोन लावू का?" ती मला इचारायची. "लाव." "आन झोपली असली तर?" "मंग नको लावू." "आन झोपलीच नसली तर?" अशी ती बाई.

एक दिवस ती पिकअपमदी येगळंच तोंड घेऊन आली.

"मावशे, काल लय वाटोळं केलं. ताकाची कढी केली आन तिच्यात चटनी वतली."

"मंग?"

"फुटली. टमाटा आंबट, ताक आंबट, वरून जाळ मोठा. पानी इकडं, चोथा तिकडं. मी नुसती बगत बसले."

"बसली?" सुमन म्हनली. समद्या हसल्या.

"उभी ऱ्हायले. आन मागून पोरगी म्हनती, आई, फुटली." वणीवालीनं दांडी सोडली, दोन्ही हात हालवले. "आली ना तिथून ती, उंबऱ्यावरून उठून, रोज फक्त 'उरलं का' म्हननारी पोर. मला बाजूला केलं. बेसन पान्यात कालवलं, कढईत घातलं, जाळ कमी केला. म्हनती, अशीच ढवळत ऱ्हाय, थांबू नको. आन कढी जुळून आली, मावशे!"

"खाल्ली का तिनं?"

"वाटीभर."

आमी समद्या अशा खूश झालो जशी काय आमच्याच घरची कढी.

मंग पाऊस लागून बसला. टमाट्याच्या ऐन तोडनीत. पिकअप यायची बंद झाली, रानात पाय टाकता येईना. समद्या आपापल्या पत्र्याखाली बसून. टोळी नाय, परात नाय, चटनी नाय. उरनार कुठून? पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज, तरी पलीकडचं मला ऐकू यायचं.

"उरलं का?"

"हे घे, कालची डाळ हाय."

"काल डाळ केलीच नव्हती, आई."

मंग वणीवालीची पावलं. खोलीभर फिरायची ती, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आन रोज तेच. पोरीनं पुन्हा खानं सोडलं व्हतं.

एक दिवस दुपारी दार वाजलं. उघडलं तर वणीवाली. डोक्यावर गोनपाटाची खोळ, हातात रिकामी थाळी. लाइनीतल्या पयल्या दारापासून फिरत आलती. रोज दुसऱ्याच्या बांधावर राबनारी बाई, उचल मागाया कवा मुकादमापुढं उभी ऱ्हायली नाय, ती थाळी पुढं करून म्हनली, "मावशे, काय उरलं का?"

मी नुकतंच पिठलं उतरवलं व्हतं. तेवढंच व्हतं. अर्धं तिच्या थाळीत घातलं.

"हे उरलेलं हाय ना?"

"हाय."

"खरं?"

"हाय म्हनते ना."

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. पोरगी बाहेर आली. लाइनीत कोन कोन बाया दारात येऊन बगत व्हत्या, त्या तिनं पाह्यल्या. मंग आपली आई पाह्यली, माझ्या दारात, भिजत, थाळी पसरून.

"आई, काय करू ऱ्हायली?"

"उरलेलं मागू ऱ्हायले."

"कोनासाठी?"

पत्र्याची धार खोळेवर, खोळेवरून थाळीत. पिठल्यात पानी पडत व्हतं. त्या पोरीनं थाळी हातातून घेतली आन माझ्याकडं पाह्यलं. मी इतकं जवळून तिला कवा पाह्यलं नव्हतं. डोळे आईसारखेच, एका जागी न ठरनारे.

"आज्जी, वाफ निघू ऱ्हायली ह्याच्यातून," ती म्हनली. "हे तुमच्या जेवनाचं हाय. उरलेलं नाय."

तिनं पिठलं माझ्या पातेल्यात परत वतलं, वढनीनं थाळी पुसली, आईच्या दंडाला धरलं. "चल घरात. भाकर टाकते."

दार लागलं. मी पिठलं तसंच ठेवून पत्र्याला पाठ लावून बसले. पलीकडं डबा उघडला. पीठ काढलं. मंग भाकर थापायचा आवाज, आधी हळू, मंग पडत्या पावसात नीट ऐकू यायला लागला, थप थप थप. किती दिवसांनी थापत व्हती कोन जाने.

"घे आई. तू खाय आधी."

"नाय. तू."

"तू गं."

"आज मी नाय खानार. तू खाल्ल्याशिवाय नाय खानार. नायतर पालथं घाल ते टोपलं."

मंग पाऊस तेवढा. मला वाटलं, आता पुन्हा पावलं वाजतील खोलीभर. नाय वाजली. लय येळानं पोरगी म्हनली, "मोड. दोघी खाऊ." आन भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा आवाज. तो पत्र्यातून ऐकू येत नाय म्हनाल तुमी. मला आला.

त्या दिवशी ती खाली बसली असंल. मी पाह्यलं नाय. पन उभ्यानं कोनी लेकीसंगं एका थाळीत खात नाय.

पाऊस उघडल्यावर पोरगी आमच्या पिकअपमदी आली. आईच्या शेजारी, दांडी धरून. तोडायला हात चपळ. दुपारी परातीभवती बसली, आन पयले काही दिवस समद्यांचं खाऊन व्हईपर्यंत भाकर हातात धरून ऱ्हायची. आमी कोनी काय बोललो नाय. सुमनबी नाय, तिला किती जड गेलं असंल. मंग एकदा परातीत शेवटचं लाल डबकं ऱ्हायलं आन वणीवाली सवयीनं डबा घेऊन वाकली. पोरीनं भाकरीचा तुकडा पुढं केला, परात कडंकडंनं पुसली, आन तोंडात टाकला.

वणीवाली रिकामा डबा धरून तशीच वाकलेली.

"आता सांच्याला काय करशील गं?" सुमननं पोरीला इचारलं.

"ताजं करीन," पोरगी म्हनली. तोंड भरलेलं व्हतं.

टमाटे सरले, द्राक्षाची कामं लागली, तवा पोरीला कळवणला काम भेटलं. तिकडं पोरींचं वसतिगृह हाय, त्याच्या स्वयंपाकघरात. आई संगं जानार, हे इचारायलाच नको. कॅरेटात भांडी, गोनीत कपडे, झालं त्यांचं सामान.

शेवटच्या दुपारी वणीवालीनं बाजारचे टमाटे आनून चटनी केली. कोनी हात घालायच्या आधी तिनं भाकरीवर मोठा गोळा घेतला आन माझ्या हातात दिला.

"मावशे, आज तू आधी."

"मी खाते की कवाबी."

"म्हनूनच. तुहंबी पाह्यलंय मी. समद्यांच्या मागून हात घालती तू. कवा आधी खाल्लं?"

मी आठवून पाह्यलं. माहेरी भाऊ व्हते. सासरी समदेच व्हते. मंग पोरगं, मंग नातू. "आठवत नाय," म्हनले.

"मंग खाय."

मी खाल्लं. बाया बगत व्हत्या. वरून तांब्याभर पानी प्याले. मिरची जास्त झाली असंल.

त्याला आता बरेच दिवस झाले. सुरुवातीला ती रोज दुपारी बरोब्बर जेवनाच्या टायमाला फोन करायची. मागं भांड्यांचा, पोरींचा कालवा. "काय गं, आज उरलं का?" मी म्हनायचे, "नाय उरलं. पुसून खाल्लं." मंग ती हसायची, आन तिकडचं सांगायची, एवढ्या पोरींची चटनी रगडायला आता दगडी पाटा घेतला, आन वाढायला उभी पोरगीच असती, पन वाढायच्या आधी स्वतः दोन घास खाऊन घेती. मंग फोन कमी झाले. रेंज नसंल. काम असंल. मानूस सुखात असलं का कमीच आठवन काढतं, आन तसंच पायजे.

आता टमाटे पुन्हा लागलेत. काल दुपारी बांधावर परात मांडली, सुमननं चटनी रगडली. बरी करती, पन लय बारीक करती. मी भाकर घेतली, एक घास खाल्ला, आन चार पावलं चालून फोनला रेंज येती का ते बगाया गेले. नाय आली. रस्त्याकडं पाह्यलं. परत आले, परातीत डोकवले, पुन्हा गेले.

"ए आजी!" सुमन वरडली. "बस की खाली! वणीवाली झाली का तू?"

बाया हसल्या. मी फोन कमरंला खोचला आन बसले. परातीच्या कडंला जराशी चटनी ऱ्हायली व्हती. समद्या माझ्याकडं बगत थांबल्या व्हत्या. मी भाकरीचा तुकडा मोडला आन पुसून घेतली.